लावण्यलतेचा विळखा

लग्नपत्रिका कशी असावी याबद्दल आमच्या घरात तीन मतं होती आणि त्यातली दोन माझ्याविरुद्ध होती. बायकोचं म्हणणं, पत्रिका वाचता आली की झालं. लेकीचं म्हणणं, पत्रिका नकोच, सगळ्यांना फोन करून कळवू. माझं म्हणणं असं की पत्रिका हातात पडताच माणसाने दोन मिनिटं गप्प झालं पाहिजे. त्यावर बायको म्हणाली की आपल्या नातेवाइकांना दोन मिनिटं गप्प बसवेल असा कागद अजून कुठल्या गिरणीत तयार झालेला नाही.

खरं सांगायचं तर मला सगळ्या नातेवाइकांना गप्प करायचं नव्हतंच. एकालाच करायचं होतं, आणि तो आधीच अकरा वर्षं माझ्याशी गप्प होता.

तो म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. बाजारातली निम्मी दुकानं त्याच्या हातच्या अक्षरात आपली नावं सांगायची. शिंप्याचं अक्षर बारीक आणि सरळ, कुलूपवाल्याचं ठसठशीत, न्हाव्याचं थोडं तिरपं. पुढे मशीनवर छापलेले मोठमोठे फलक आले आणि दादाचे ब्रश डब्यात वाळत बसले. हल्ली तो मोठ्या टपाल कचेरीच्या ओट्यावर घडीचं स्टूल टाकून बसतो आणि कापडात शिवलेल्या पार्सलांवर लोकांना पत्ते घालून देतो. मी हे लांबून पाहिलेलं आहे, कारण त्या रस्त्याने जायचं मी टाळतो.

भांडणाचं कारण सांगायलाच हवं, नाहीतर लोक उगाच जमीनजुमल्याचा संशय घेतात. अकरा वर्षांपूर्वी आम्ही या फ्लॅटमध्ये राहायला आलो. पहिल्याच रविवारी दादा आला. हातात पिशवी. पिशवीत रंगाचे दोन डबे, ब्रश आणि घासूनपुसून गुळगुळीत केलेली एक लाकडी पाटी होती, हे मला नंतर कळलं. दारावर बिल्डरने बसवून दिलेली पाटी चमकत होती. सोनेरी, मशीनवर कापलेली, प्रत्येक फ्लॅटला एक, फुकट. दादाने ती पाहिली आणि पिशवीचं तोंड परत आवळलं. त्या क्षणी मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. मी म्हणालो, "हल्ली असंच असतं दादा. हाताचं कोण करत बसतंय." दादा अर्धा पेला पाणी प्यायला आणि गेला, तो गेलाच. या प्रकरणात माझी चूक निम्म्याहून कमी होती असं माझं आजही प्रामाणिक मत आहे. बायको तो आकडा शंभर धरते.

आता लेकीचं लग्न ठरलं. दादा तिला लहानपणापासून कारभारीण म्हणतो, कारण तीन वर्षांची असताना ती त्याच्या पाट्यांना कोणता रंग द्यावा ते ठरवायची आणि तो ऐकायचा. तिला अक्षरओळख शाळेने नाही, दादाने करून दिली, उरलेल्या रंगात आणि गच्चीच्या भिंतीवर. हॉल मी सात महिने आधी धरून ठेवला होता. एका सकाळी चहा पिताना लेक शांतपणे म्हणाली, "बाबा, मोठे काका आले नाहीत तर हॉल रद्द. आम्ही दोन साक्षीदार घेऊन नोंदणीच्या कचेरीत सह्या करून येऊ. आणि तुम्ही स्वतः जाऊन बोलावल्याशिवाय ते येणार नाहीत."

लेक माझीच आहे. एकदा बोलली की तिला ब्रह्मदेवही हलवू शकत नाही. पण मीही तिचाच बाप. अकरा वर्षांनी त्या ओट्यासमोर जाऊन उभं राहायचं, पार्सलवाल्यांच्या रांगेत, आणि म्हणायचं काय? म्हणून मी मधला मार्ग काढला. जन्मभर अक्षर गिरवलेला माणूस हा. त्याच्यासमोर असं अक्षर ठेवायचं की त्याच्या तोंडून आपसूक निघावं, धाकट्याला कळतं हं. म्हणजे अर्धी माफी टपालाने जाईल आणि उरलेली अर्धी मागायची वेळच येणार नाही. योजना कागदावर निर्दोष होती, आणि कागदावरच राहिली असती तर बरं झालं असतं.

छापखान्यात संगणकावर एक बाई बसतात. चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं मोजकं. त्यांनी नमुन्यांची वही पुढे केली. मी साधी, सरळ, सोज्वळ अक्षरं झपाझप उलटत गेलो आणि शेवटून दुसऱ्या पानावर थबकलो. तिथे ती होती. लावण्यलता. प्रत्येक वेलांटी निघताना एक गिरकी घेत होती. उकार शेजारच्या दोन अक्षरांच्या पायाखालून जाऊन तिसऱ्याच्या पलीकडे डोकं वर काढत होता. रेघ कुठे केसाएवढी बारीक, तर कुठे फुगलेली. वरची शिरोरेषा तर सरळ चालायचं विसरूनच गेली होती. मी बाईंना म्हणालो, हीच.

बाई म्हणाल्या की निवड चांगली आहे. हे अक्षर अत्तराच्या खोक्यावर शोभतं, दागिन्यांच्या पेटीवर शोभतं, मानपत्राच्या मथळ्याला तर फारच. पत्रिकेत नवरा-नवरीची नावं त्यात घेऊ, बाकी मजकूर साध्या अक्षरात.

मी म्हटलं, बाकीच्या मजकुराने काय पाप केलंय? सगळंच यात घ्या.

"हे नावापुरतं असतं," बाई म्हणाल्या. "मीठ आहे हे. याची भाजी करत नाहीत."

आता मी कचेरीत तीस वर्षं आवक-जावक विभागात आहे, त्यातली बारा वर्षं विभागाचा प्रमुख. माझ्या टेबलावरून रोज शंभरेक कागद जातात. अक्षरांबद्दल मला एका छापखान्यातल्या बाईंनी स्वयंपाकघरातली उदाहरणं द्यावीत हे मला लागलं. मी जरा ताठ होऊन सांगितलं की मजकूर तर यात घ्याच, पण पाकिटावरचे पत्तेही यातच छापा. मी यादी आणली आहे, एकशे शहाऐंशी. आणि पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता, तोही.

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग टपालवाल्यांना हे पत्ते वाचता यायचे नाहीत, एवढं सांगून कामाला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कच्ची छपाई पुढे ठेवली. छापखान्याची रीत अशी की गिऱ्हाईकाने ती वाचायची, खाली 'वाचले, बरोबर आहे' असं स्वतःच्या हाताने लिहायचं आणि सही करायची. मी वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, न अडखळता. मजकूर मीच लिहिलेला असल्यामुळे मला तोंडपाठ होता, ही बाब त्या वेळी महत्त्वाची वाटली नाही. मी लिहिलं, सही केली. बाईंनी तिथेच खाली आणखी एक ओळ लिहिली, 'पत्त्यांबाबत सूचना दिली होती,' आणि तिच्यापुढेही माझी सही घेतली. इतकी दूरदृष्टी मी आमच्या खात्यात कधी पाहिली नाही.

पत्रिका आल्या. जाड, सायीच्या रंगाचा कागद, वर उठावदार अक्षरं. पहिली मी समोरच्या काकूंना दिली. काकूंनी अक्षरांवरून बोट फिरवलं, कागद कानाशी नेऊन टिचकी मारली आणि म्हणाल्या की खानदानी काम आहे. मग मी आत वळताच त्यांनी माझ्या बायकोला हळूच विचारलं, तारीख कोणती गं?

वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर आहेत. त्यांनी पत्रिका आधी उलटी धरली. कागदातला वॉटरमार्क बघत होतो, असं मागाहून म्हणाले. मग त्यांनी सल्ला दिला की मागच्या बाजूला हॉलचा नकाशा हवा. थोडा विचार करून म्हणाले, नकाशा पुढच्या बाजूलाही चालेल. तळमजल्यावरचे हेडमास्तर मात्र मन लावून बसले. लाल पेन्सिल घेतली, दहा मिनिटं ओळींवरून फिरवली, एकही खूण केली नाही, आणि "उत्तम" असा शेरा दिला. माझी छाती फुगली. संध्याकाळी जिन्यात त्यांनी मला गाठून विचारलं की लग्न मुलाचं आहे की मुलीचं. एकोणीस दिवाळखोर भाडेकरूंच्या भानगडींपासून इमारतीतल्या प्रत्येक मांजराच्या वंशावळीपर्यंत सगळं पाठ असलेल्या माणसाला मला मुलगा नाही हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू?

पत्रिका सुंदर आहे हे सगळ्यांनी सांगितलं. पत्रिकेत काय आहे हे कोणालाच सांगता आलं नाही. बायकोने सुचवलं की प्रत्येक पाकिटात एक साधी चिठ्ठी घालू, तारीख-वेळ-ठिकाण लिहून. मी म्हणालो, दागिना घालून वर त्याची पावती गळ्यात अडकवतं का कोणी? ती म्हणाली, दागिना आहे हे कळत नसेल तर अडकवावी लागते. 

त्यानंतर हॉलची कचेरी. कार्यक्रमाच्या दिवशी गाड्या लावायची परवानगी हवी तर अर्जाला पत्रिका जोडावी लागते. तिथल्या कारकुनाने पत्रिका घेतली, खिडकीच्या उजेडात नेली, परत आणली, सरळ केली, आडवी केली. मग अत्यंत नम्रपणे विचारलं की ही पत्रिकाच आहे हे त्यांनी कशावरून समजावं. मी म्हटलं, लिहिलंय की वर. ते म्हणाले, कुठे? मी बोट ठेवलं. ते म्हणाले, ही वेलबुट्टी नाही का?

मग त्यांनी टेबलाचा खण उघडला, एक शिक्का काढला, शाईवर दाबला आणि माझ्या अर्जावर ठोकला. 'अक्षर अवाचनीय, पुन्हा सादर करावे.'

हा शिक्का मी ओळखतो. आमच्या विभागात तो मीच सुरू केला. बारा वर्षांत या शिक्क्याने मी किती अर्ज परत पाठवले असतील याची गणती नाही. कारकून म्हणाले, "साहेब, तीन वर्षांपूर्वी तुमच्या खिडकीवर आलो होतो. माझा अर्ज चार वेळा परत आला. शिक्क्याची कल्पना आवडली, म्हणून आम्हीही करून घेतला." त्यांच्या चेहऱ्यावर सुडाचा लवलेश नव्हता. उलट आदर होता, आणि तोच जास्त झोंबला.

आता उपाय एकच, ते म्हणाले. पत्रिकेतला मजकूर साध्या अक्षरात उतरवून खाली लिहायचं की वरील नक्षी अशी वाचावी. मी खिशातलं पेन काढून तिथेच लिहायला लागलो. दोन ओळी झाल्यावर कारकुनांनी मान तिरकी करून पाहिलं आणि विचारलं की घरात दुसरं कोणी लिहिणारं आहे का. शेवटी मी लेकीला बोलावून घेतलं आणि तिने लिहून दिलं. तिचं अक्षर दादाच्या हाताखालचं. कारकुनांनी ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि परवानगी दिली.  परत येताना लेक एवढंच म्हणाली की शनिवारपर्यंत काकांचा होकार नाही आला तर ती हॉल सोडणार, म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी उपयोगी पडेल.

पत्रिका मी छापून आल्या त्याच आठवड्यात टपालात टाकल्या होत्या. मोठ्या टपाल कचेरीपाशी दादा बसतो, म्हणून मी दोन पिशव्या भरून पाकिटं घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि तिथल्या पेटीत टाकली. पेटीचं तोंड लहान होतं, तीन-तीन करून टाकावी लागली. मागे उभ्या असलेल्या माणसाने विचारलं की निवडणुकीला उभे आहात का. मी पुढची तीन सरकवली.

पत्रिका पोचली की माणसं फोन करतात. अभिनंदन करतात, मुलगा काय करतो विचारतात, आणि आम्हाला मुक्कामाची सोय आहे ना हे चाचपून बघतात. तीन दिवस गेले, चार गेले, आठ गेले. एकही फोन नाही. एरवी सर्दी झाली तरी फोन करणारी आत्यासुद्धा गप्प. मला वाटलं होतं पत्रिका पाहून लोक दोन मिनिटं गप्प होतील. हे फारच झालं होतं. बायको म्हणाली की जाऊन चौकशी करा. लेक नुसती भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहून शनिवारकडे बघायची.

गुरुवारी दुपारी मी अर्धी रजा टाकून दुसऱ्या टोकाच्या टपाल कचेरीत गेलो. तिथल्या माणसाने समजावून सांगितलं की पेटी कुठलीही असो, टपाल सगळं मोठ्या कचेरीतच जातं. मी तीस वर्षं जावक विभागात काढली आहेत. आमच्याकडून निघालेला कागद पुढे कुठे जातो याचा विचार करायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

मोठ्या कचेरीपाशी पोचलो तर ओट्यावर घडीचं स्टूल होतं, रंगाचा डबा होता, डब्यात ब्रश उभा होता, आणि दादा नव्हता. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग मी ओट्याच्या दोन्ही टोकांपर्यंत जाऊन पाहिलं. सत्तरीचा माणूस, कुठे गेला असेल? आजारी तर नसेल? कोणाला विचारायचं, आणि काय म्हणून विचारायचं, मी त्याचा कोण म्हणून?

आत चौकशीच्या खिडकीवर 'चौकशी शेजारच्या खिडकीवर करावी' अशी पाटी होती आणि शेजारची खिडकी बंद होती. तिसऱ्या खिडकीने मला हरवलेल्या टपालाचा फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, 'पाकिटावरील पत्ता जसा होता तसा लिहावा.' मी ते अक्षर आठवून काढायचा प्रयत्न केला. पहिल्याच वेलांटीला पेन फॉर्मच्या बाहेर गेलं. खिडकीमागच्या माणसाने ते वळण पाहिलं, खुर्चीवरून उठला आणि आत जाऊन पोस्टमास्तरांनाच घेऊन आला.

पोस्टमास्तरांनी आधी फॉर्मवरचं वळण पाहिलं, मग मला. मग म्हणाले, ती नक्षी तुमची का?

त्यांनी सगळा इतिहास सांगितला. टपाल वाटणाऱ्या एकाने चष्म्याचा नंबर वाढला म्हणून डॉक्टर गाठला. दुसऱ्याने ही परदेशी भाषा आहे असं ठरवून सगळी पाकिटं परदेशी टपालाच्या पिशवीत टाकली. तिकडच्यांनी ती दोन दिवसांनी परत पाठवली, वर शेरा मारून की आमच्याकडेही अशी भाषा नाही. नियमाप्रमाणे न लागणारं पाकीट पाठवणाऱ्याकडे परत जातं. पण पाठवणाऱ्याचा पत्ताही त्याच अक्षरात. पोस्टमास्तर म्हणाले की सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असं टपाल पाहिलं नव्हतं, जे पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. शेवटी त्यांनी बाहेरून एक तज्ज्ञ बोलावला होता. टपाल कचेरीबाहेर नेता येत नाही म्हणून त्यालाच आत बसवला, आणि रजिस्टरला तशी नोंदही केली.

हे ऐकतानाच मला कळायला हवं होतं. पण मी तज्ज्ञ हा शब्द ऐकून शर्टाची बटणं नीट केली आणि आत गेलो.

पंख्याखाली टेबल होतं. डावीकडे माझ्या पाकिटांचा ढीग, उजवीकडे दुसरा ढीग, आणि मध्ये दादा. केस पूर्ण पांढरे झाले होते. पाकीट डोळ्यांजवळ नेत होता, लांब नेत होता, आणि मग छापलेल्या पत्त्याच्या खाली आपल्या हाताने स्वच्छ पत्ता घालत होता. एकापाठोपाठ एक, सरळ रेषेत, शांतपणे. मी टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. त्याने वर पाहिलं नाही.

"मामा आता थोरल्याकडे नसतो," तो म्हणाला. "धाकट्याकडे गेलाय. मी पत्ता बदललाय."

अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे असेल असं मला वाटलं नव्हतं. मी किती तरी भाषणं मनात पाठ केली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी विचारलं, तू हे वाचलंस तरी कसं?

"वाचलं कोणी?" दादा म्हणाला. "ज्याने हे अक्षर काढलं त्याच्या बापालाही वाचता यायचं नाही. माणसं ओळखीची होती म्हणून लागली. नाव आखूड आणि पत्त्यात दोनच ओळी, म्हणजे आत्या. चार ओळी भरून नुसती पदवी, म्हणजे तुझा तो चुलत मेव्हणा."

मग त्याने डावीकडच्या ढिगावर हात ठेवला. एकशे बारा लागली होती. त्र्याहत्तर राहिली होती.

"ही कोण आहेत मला माहीत नाही," तो म्हणाला. "ही अकरा वर्षांतली असणार."

त्याने हे चिडून म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. चिडणाऱ्याशी कसं वागायचं हे मला येतं. पण तो नुसता सांगत होता, जसं यादीत काय कमी आहे ते सांगतात. मला लाज वाटली. अर्जावर शिक्का बसल्यावर वाटली होती तशी नाही, खरी. मी शेजारच्या टपालाच्या पोत्यावर बसलो आणि पहिलं पाकीट उचललं.

हे कोण, त्याने विचारलं. मी सांगितलं, डोळ्याचे डॉक्टर. माझं ऑपरेशन झालं ना. कधी झालं, त्याने विचारलं. कोणता डोळा? हे पुढचं? हे आमचे नवे साहेब. म्हणजे बढती तुला नाही मिळाली? नाही मिळाली. हे? हे वरचे इंजिनियर, बायको आजारी असताना रोज गाडीने दवाखान्यात न्यायचे. दादाचा हात थांबला. काय झालं होतं तिला? मी सांगितलं. त्याने पाकिटावर इंजिनियरांचा पत्ता घातला, जरा जास्तच जपून. खरं तर इंजिनियरांना पत्रिका मी हातोहात दिलेली होती, आणि टपालानेही वेगळी टाकली होती, प्रभाव पडावा म्हणून. पण ते सांगून मी त्याचं अक्षर वाया घालवलं नाही. अशी त्र्याहत्तर माणसं झाली. दोन तास लागले. पोस्टमास्तर मधूनमधून यायचे आणि पंखा वाढवून जायचे.

शेवटी टेबलावर एकच पाकीट उरलं. एकशे बारा आणि त्र्याहत्तर, एकशे पंच्याऐंशी. हे एकशे शहाऐंशीवं. दादाने ते बाजूला काढून ठेवलं होतं, वर पेपरवेट ठेवून.

"हे तेवढं लागत नाही," तो म्हणाला.

"ते तुझं आहे."

"असेल. खात्री नव्हती. आत काय आहे ते वाच."

मी पाकीट फोडलं, पत्रिका उघडली आणि वाचायला लागलो. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीला माझे डोळे भरून आले, पाठ केलेला मजकूर सटकला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी लावण्यलता खरोखर वाचून बघितली. एक अक्षर लागेल तर शपथ. मी पत्रिका मिटून ठेवली.

"दादा, कारभारणीचं लग्न आहे. तू ये," मी म्हणालो. "आणि त्या दिवशी पाटीवरून मी जे बोललो ते चुकलं. अर्धं नाही, सगळं."

दादाने पेनाचं टोपण लावलं. मग चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"येणार तर होतोच," तो म्हणाला. "तारीख, वेळ, हॉल, सगळं ती येऊन सांगून गेलीय. एक रविवार आड येते ती माझ्याकडे, अकरा वर्षं. फक्त एवढं म्हणाली, बाबा स्वतः येईपर्यंत हो म्हणायचं नाही."

मी घरी आलो तेव्हा लेक कॅलेंडरसमोर नव्हती. आरामात पाय पसरून बसली होती. मला पाहून तिने एवढंच विचारलं की मग हॉल ठेवायचा ना.

शनिवारपासून फोन सुरू झाले. पहिला आत्याचा. पाकिटावरचं अक्षर काय सुरेख आहे म्हणाली, कोणाकडून करून घेतलंस, मी ते पाकीट जपून ठेवणार आहे. आणि हो, आतलं मात्र काही कळलं नाही, लग्न कधी आहे आणि कुठे, तेवढं सांग. मग मामा, मग चुलत मेव्हणा, मग डोळ्याचे डॉक्टर, ज्यांनी आधी स्वतःचेच डोळे तपासून घेतले होते. पाच दिवसांत मी एकशे चौऱ्याहत्तर जणांना तारीख, वेळ आणि ठिकाण फोनवरून सांगितलं. लेक शेजारी बसून यादीवर खुणा करत होती. पत्रिका नकोच, फोन करू, असं कोण म्हणालं होतं, हे तिने एकदाही बोलून दाखवलं नाही. तिला तेवढी माणुसकी आहे, किंवा तिच्या चेहऱ्यावरून ते आपोआप कळत होतं.

रविवारी सकाळी दारात खडखड झाली. दार उघडलं तर दादा, हातात स्क्रू ड्रायव्हर, बिल्डरच्या सोनेरी पाटीचा तिसरा स्क्रू काढत होता. पायाशी पिशवी, तीच. बायको पदर सावरत बाहेर आली आणि म्हणाली, "दादा, आधी आत तर या." तो म्हणाला की आधी ही उतरू दे, मग येतो. चौथा स्क्रू निघाला. सोनेरी पाटी त्याने माझ्या हातात दिली, तिच्याकडे न बघता. पिशवीतून लाकडी पाटी निघाली. अकरा वर्षं तेल पाजून ठेवलेली, कुठे चीर नाही. ती त्याने चौकटीच्या वर ठोकली, स्टुलावर चढला आणि ब्रश बुडवला.

समोरच्या काकू, इंजिनियर आणि हेडमास्तर जिन्यात जमले. काकूंनी सुचवलं की रंग निळा हवा. इंजिनियरांनी पाटी डावीकडे दोन सूत कलली असल्याचं सांगितलं. दादा कोणाचंच ऐकत नव्हता. आत येता-जाता लेकीने एकदा वर पाहिलं आणि म्हणाली, काका, तपकिरीच बरा. त्याने लगेच डबा बदलला.

मी स्टूल धरून उभा होतो. अक्षरं एकेक करून उमटत होती, सरळ, ठळक, जिन्याच्या खालच्या पायरीवरूनही दिसतील अशी. शेवटचं अक्षर राहिलं तेव्हा मला राहवलं नाही. मी हळूच म्हणालो की दादा, नावापुरती एखादी गिरकी चालते, छापखान्यातल्या बाईसुद्धा तसंच म्हणाल्या.

"तू स्टूल धर," दादा म्हणाला.

मी दोन्ही हातांनी धरलं आणि मान खाली घातली. तो उतरला, ब्रश पुसला आणि चहाला आत गेला. मग मी वर पाहिलं. शेवटच्या अक्षराच्या टोकाला एक छोटीशी गिरकी होती. एकच. आणि नाव वाचता येत होतं.